मजूरमंत्री डॉ. आंबेडकर : जयघोषाबरोबर अभ्यासही हवा

14 एप्रिलच्या सुमारास आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परांड्यापासून उमरग्यापर्यंत, गावोगाव सभा होतात. त्यांतील बहुतेक सभांत एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते. "बाबासाहेबांनी कामगारांचे चौदा तासांचे काम आठ तासांवर आणले," असे वक्ता सांगतो आणि श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात. टाळ्या वाजविणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु मी व्यवसायाने वकील आहे. हेच वाक्य मी न्यायालयात उच्चारले, तर समोरचा वकील 1934 चा कारखाने कायदा उघडून माझ्यापुढे ठेवील. त्या कायद्यान्वये बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगारास दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 तासांहून अधिक काळ राबविता येत नव्हते. बाबासाहेब मजूर खात्याचे प्रमुख असताना 1946 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने ही मर्यादा दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांवर आणली.

खरे एवढेच आहे, आणि ते थोडे नाही. आठवड्याचे 6 तास म्हणजे वर्षाचे 300 हून अधिक तास होतात. हे तास गिरणीच्या भोंग्याच्या ताब्यातून सुटून कामगाराच्या घरी, त्याच्या मुलांच्या वाट्याला आले. ज्याचे खरे कार्य एवढे मोठे आहे, त्याला अतिशयोक्तीच्या कुबड्या कशाला हव्यात? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा आदरणीय माणसाने सांगितले आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने तरी बाबासाहेबांचे चरित्र या कसोटीवर घासून वाचावयास हवे.

ते वाचावयास बसले की ध्यानात येते, की संविधानाचे शिल्पकार आपणांस ठाऊक आहेत, चवदार तळ्याचे सत्याग्रही ठाऊक आहेत, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिसत्त्व ठाऊक आहेत. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत दिल्लीच्या सचिवालयात बसून चार वर्षे फाइली हातावेगळ्या करणारा मंत्री आपणांस जवळजवळ अपरिचित आहे. या चार वर्षांविषयी, आणि त्यांतून आपल्या वाटणीस आलेल्या वारशाविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटते.

प्रथम हे पद कसले होते ते पाहू. जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे सोपविले. आपण 'मजूरमंत्री' म्हणतो. कायद्याच्या भाषेत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे 'सभासद' होते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मंत्री हा कायदेमंडळाला जबाबदार असतो व त्याच्या पाठीशी बहुमत असते. व्हाइसरॉयच्या सभासदाला यांपैकी काहीच नव्हते. मध्यवर्ती कायदेमंडळ त्याला काढू शकत नव्हते, तसेच त्याचे विधेयक मंजूर करण्यासही बांधलेले नव्हते. त्याच्यामागे पक्ष नव्हता. पुढे फक्त युद्धाच्या गरजा होत्या आणि वर व्हाइसरॉय होता. असल्या पदावरून काही करून दाखविणे किती कठीण असेल, याची कल्पना यावरून यावी.

याच नेमणुकीवरून त्यांच्यावर सर्वांत कठोर आरोप झाला व अधूनमधून आजही होतो. जुलै महिन्यात त्यांनी पद स्वीकारले, आणि 9 ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. देश 'छोडो भारत'च्या वणव्यात असताना हा मनुष्य इंग्रजांच्या सरकारात बसला होता, असे म्हटले जाते. या आरोपाकडे पाठ फिरविण्याचे आपणांस कारण नाही. त्याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही कागदोपत्री आहेत.

पहिले उत्तर बाबासाहेबांनीच दिले. 13 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबई नभोवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले, की हिंदी मजुराने हे युद्ध जिंकलेच पाहिजे. कारण वंशश्रेष्ठत्वावर उभी असलेली नाझींची नवी व्यवस्था जगावर आली, तर मजुराला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांपैकी काहीच उरणार नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी व्यवस्था म्हणजे काय, हे हिंदुस्थानात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगले, त्यांच्या पुढाऱ्याला हिटलरचे तत्त्वज्ञान इतरांहून लवकर कळले, यात नवल ते काय?

दुसरे उत्तर त्यांच्या कामात आहे. ते पाहण्यापूर्वी एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 1938 च्या 7 नोव्हेंबरला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो प्रचंड संप झाला, त्याचे एक पुढारी बाबासाहेब होते. संप करणे हा गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, अशी त्यांची भूमिका होती. आणि ज्या सरकारात ते 1942 मध्ये गेले, त्या सरकारने त्याच वर्षाच्या आरंभी भारत संरक्षण नियमांत 81-अ हा नियम घालून विनानोटीस संपास मनाई केली होती. तो नियम त्यांच्या कारकिर्दीतही चालू राहिला. 1938 चा पुढारी आणि 1942 चा सभासद यांच्यात हा ताण आहे, तो लपवू नये. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की कलह लवादाकडे सोपविण्याचा आणि लवादाचा निर्णय मालकावरही बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. युद्धापूर्वी मालकाला एवढे बांधून घेणारे काही मध्यवर्ती कायद्यात नव्हते.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. पद स्वीकारल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 7 ऑगस्ट 1942 रोजी, त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मजूर परिषद भरली. त्यापूर्वीच्या तीन परिषदांत केवळ सरकारांचे प्रतिनिधी बसत. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही पक्ष एका मेजाशी बसले, व ही पद्धत कायमची करण्याचे ठरले. तीतून सर्वसाधारण मजूर परिषद आणि स्थायी मजूर समिती या दोन संस्था जन्मास आल्या. गिरणीच्या फाटकाशी अर्ज घेऊन उभा राहणारा मजूर मालकासमोर खुर्चीवर बसला. ज्यांना गावच्या चावडीत पायरीखाली उभे राहावे लागे, त्यांना या खुर्चीचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्यानंतरची कामे मी क्रमाने सांगतो. नोव्हेंबर 1943 मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रातिनिधिक संघटनेस मान्यता देणे मालकावर बंधनकारक करावे, हा त्याचा गाभा होता. 1944 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांचा कामगारांच्या आरोग्यविम्यावरील अहवाल आला. त्याच्या पायावर पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्याच वर्षी द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली आणि निरनिराळ्या धंद्यांतील कामगारांचे वेतन, घरे व कर्ज यांची पाहणी झाली. 1945 च्या दुरुस्तीने वर्षभर काम केलेल्या प्रौढ कारखाना कामगारास 10 दिवसांची पगारी रजा मिळाली. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांस व कामगारांस काम मिळावे म्हणून सेवायोजन कार्यालये निघाली. आणि 11 एप्रिल 1946 रोजी, पद सोडण्याची वेळ जवळ आलेली असताना, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले.

याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर नदीच्या पुरांवर उपाय म्हणून एकाच धरणमालिकेतून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज अशी तिन्ही कामे साधावीत, ही योजना त्यांच्या कारकिर्दीत आकारास आली. 1945 च्या जानेवारीत त्यासाठी कलकत्त्यात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा 1948 मध्ये झाला. मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखातील माणसाने तरी हे विसरू नये, की पाण्याचा प्रश्न हा दारिद्र्याचा प्रश्न आहे, असे मानणारा मजूरमंत्री या देशाला लाभला होता.

या यादीकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट दिसते. यांतील कित्येक कामे त्यांच्या हातून पुरी झाली नाहीत. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्ये, बाबू जगजीवनराम मजूरमंत्री असताना, मंजूर झाला. युनियनच्या सक्तीच्या मान्यतेची दुरुस्ती 1947 मध्ये मंजूर झाली, परंतु ती अमलातच आणली गेली नाही. यावरून काय शिकावे? मंत्री येतात आणि जातात. मागे राहतात त्या समित्या, अहवाल, मसुदे आणि संस्था. बाबासाहेबांनी आपल्यामागे घोषणा ठेवल्या नाहीत; दुसऱ्याला पुरे करता येईल असे काम ठेवले.

आता सर्वांत कठीण प्रसंग. 1930 च्या सुमारापासून कोळशाच्या खाणींत जमिनीखाली स्त्रियांना उतरविणे हळूहळू बंद करण्यात आले होते आणि 1937 पर्यंत ते पूर्णपणे थांबले होते. युद्धात कोळशाचा तुटवडा पडला, खाणमजूर अधिक मजुरीच्या लष्करी कामांकडे गेले, आणि 1943 मध्ये सरकारने ही बंदी तात्पुरती उठविली. हा निर्णय ज्या खात्याचा, त्याचे प्रमुख बाबासाहेब होते. मध्यवर्ती कायदेमंडळात 1944 च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर कडक टीका झाली. त्यांनी निर्णयाचे समर्थन केले. पण हे चांगले काम आहे असे समर्थन नव्हे. ही आणीबाणीची उपाययोजना आहे, ती आवश्यक तेवढाच काळ राहील, आणि खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाएवढीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले.

हा निर्णय योग्य होता काय? माझ्या मते तो चुकीचा होता. अंधाऱ्या खाणीत उतरणाऱ्या त्या स्त्रिया कोण होत्या? आदिवासी आणि अस्पृश्य कुटुंबांतील, म्हणजे आपल्याच भगिनी. युद्धाची किंमत पुन्हा त्यांनीच मोजली. परंतु चूक करणारे राज्यकर्ते पुष्कळ असतात. चुकीभोवती कुंपण घालून ती ठरावीक मुदतीत परत घेणारे थोडे. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब स्वतः धनबादच्या खाणींत गेले, जमिनीखाली उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. जानेवारी 1944 मध्ये वटहुकमाने कोळसा खाण मजूर कल्याण निधी स्थापन झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर बसवून त्यातून मजुरांची घरे, दवाखाने आणि पाणी यांची तरतूद करावयाची होती. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याच्या कायद्यात 1943 आणि 1945 मध्ये सुधारणा झाल्या. आणि 1946 च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला.

ज्या पुरुषाला आपण वंदन करतो, त्याच्या एका निर्णयाशी असहमत होण्याने त्याची प्रतिमा डागळते, असे मला वाटत नाही. व्यक्तिपूजेविरुद्ध खुद्द त्यांनीच संविधान सभेत देशाला सावध केले होते.

आपल्या समाजासाठी त्यांनी या पदाचा काय उपयोग केला, हाही प्रश्न विचारला जातो. 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्याचा परिणाम म्हणून 1943 मध्ये मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, आणि त्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल 3 लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही विद्यार्थी परदेशीही गेले. मंत्रिपदावर असतानाच, 1945 च्या जुलैत, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिच्याच औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयाने 1950 पासून मराठवाड्यातील आपल्या पहिल्या पदवीधरांची पिढी घडविली.

परंतु याच काळाचा एक कटू धडाही आहे. 1942 च्या जुलैमध्येच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. 1945-46 च्या निवडणुकांत या पक्षाचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला. संयुक्त मतदारसंघाची पद्धत हे एक कारण होते. चार वर्षे नेता दिल्लीच्या कामात गुंतलेला असताना गावोगावची संघटना अपुरी राहिली, हे दुसरे. परिणाम असा झाला, की कॅबिनेट मिशनने फेडरेशनच्या मागण्यांकडे दुर्लक्ष केले, आणि ज्यांनी चार वर्षे देशाचे मजूर खाते चालविले, त्यांना संविधान सभेत जाण्यासाठी मुंबईत पुरेशी मते नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांमुळे ते 1946 मध्ये बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा जुलै 1947 मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. खुर्चीचे सामर्थ्य खुर्चीबरोबर जाते. संघटनेचे सामर्थ्य तेवढे उरते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मंत्रिपद मिळण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, फेब्रुवारी 1941 मध्ये, बाबासाहेब आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे या गावी महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते. वतन म्हणजे काय, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले असेलच: तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची अष्टौप्रहर चाकरी, जिला ना ठरलेले तास, ना ठरलेले वेतन, ना रजा. वतनाच्या बिलापासून कारखान्यांच्या तासांपर्यंतचा बाबासाहेबांचा प्रवास हा दोन वेगळ्या माणसांचा प्रवास नव्हे. ज्याने वतनी चाकरी पाहिली, त्यालाच कळते की कामाला तासांची मर्यादा, वेतनाला आकडा आणि नोकरीला कागद असणे म्हणजे माणुसकीचा आरंभ होय.

पण दैवदुर्विलास पाहा. या भागात ब्रिटिश मुलूख आणि निजामी मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. मध्यवर्ती कायदेमंडळाने केलेला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असे. निजामाच्या हद्दीत तो आपोआप लागू होत नसे. त्यामुळे 1945 ची पगारी रजा आणि 1946 चे 48 तास सोलापूरच्या व बार्शीच्या गिरण्यांतील कामगारास मिळाले. मात्र उस्मानाबादच्या बाजूस राहिलेल्या त्याच्या भावाच्या नशिबी वेठ होती. एकाच आईच्या दोन लेकरांमध्ये हद्दीची रेघ होती, आणि बाबासाहेबांचा कायदा त्या रेघेपाशी थांबत होता. म्हणूनच नोव्हेंबर 1947 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील आपल्या लोकांस निजामाची बाजू न घेण्याविषयी निक्षून बजावले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि चार-पाच दिवसांत ही रेघ पुसली गेली. 26 जानेवारी 1950 रोजी संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. 1951 मध्ये संसदेने 'ब' वर्ग राज्यांसाठी कायदा करून अनेक केंद्रीय कायदे हैदराबादेत लागू केले. त्याच संविधानाच्या 42 व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य परिस्थिती व प्रसूती साहाय्य आहे, 43 व्यात निर्वाह वेतन आहे. मजूर खात्यातील चार वर्षे ज्याने पाहिली, त्याला ही कलमे वाचताना धनबादची खाण आठवल्यावाचून राहत नाही.

मग आज ती रेघ पुरती पुसली गेली आहे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील कळंब, भूम, वाशी, परांडा भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत काम. आजारपणामुळे एक दिवस चुकला तर 'खाडा' म्हणून मजुरीतून कपात. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक भगिनी आली. घरात बाबासाहेबांची तसबीर, गळ्यात पंचशील ध्वजाची नाणी असलेली माळ. तिच्या पतीचा तोडीच्या फडावर अपघाती मृत्यू झाला होता. मी विचारले, "ताई, मजुरीचा काही कागद आहे का? हजेरी, पावती, करार?" ती म्हणाली, "साहेब, उचलीच्या कागदावर अंगठा घेतला होता. तो कागद मुकादमाकडंच हाय." कर्जाचा कागद होता, कामाचा नव्हता. आठ हंगाम राबलेला मनुष्य कोणाचा मजूर होता, हे सिद्ध करण्यातच आमची दोन वर्षे गेली.

ही एका कुटुंबाची गोष्ट नव्हे. वतनी चाकरीत कागद पाटलाच्या दप्तरात असे; आज तो मुकादमाच्या पिशवीत आहे. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाशी बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रद्दबातल ठरविले आहे. परंतु रद्दबातल ठरलेला करारही, तो रद्द आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला बांधूनच ठेवतो.

महाराष्ट्र शासनाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ काढले आणि गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून रक्कम घेण्याचे ठरविले. ही कल्पना 1944 च्या कोळसा निधीचीच बहीण आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. मालाच्या टनामागे मजुराचा वाटा! पण निधी असणे वेगळे आणि तो मागणारा नोंदलेला मजूर असणे वेगळे. ज्याची नोंद नाही त्याला निधी ओळखत नाही.

दुसरी एक गोष्ट. किमान वेतन, कारखाने, ट्रेड युनियन यांचे ते जुने कायदे आता त्या नावांनी राहिलेले नाहीत. संसदेने 2019 आणि 2020 मध्ये 29 मजूर कायदे चार संहितांत एकत्र केले, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अमलात आल्या. त्यांच्या गुणदोषांविषयी मतभेद आहेत, आणि युनियनांचे काही आक्षेप मला रास्त वाटतात. परंतु 1943 च्या विधेयकात जी होती, त्या संघटनेच्या मान्यतेची तरतूद यात आहे. नियुक्तीपत्र देण्याचे बंधन आहे. जुने कायदे बाबासाहेबांचे होते म्हणून नव्यावर केवळ शोक करून भागणार नाही. नवे काय देतात आणि काय काढून घेतात, हे कलमवार वाचून त्यांवर लढले पाहिजे. तीच त्यांची पद्धत होती.

धर्मांतरित कुटुंबांस मी एक मुद्दा विशेषेकरून सांगू इच्छितो. 1956 नंतर बौद्ध झालेल्या आपल्या लोकांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींवरील हक्क थांबला. महाराष्ट्रात नवबौद्धांस सवलती मिळाल्या, परंतु केंद्रात तो हक्क परत मिळण्यास 1990 ची दुरुस्ती व्हावी लागली. चौतीस वर्षे गेली. मजुराच्या कायद्याने मात्र या चौतीस वर्षांत एकदाही कोणाला धर्म विचारला नाही, जात विचारली नाही. आठवड्याचे तास, किमान वेतन, प्रसूती रजा ही बौद्धाला, मातंगाला, मराठ्याला, मुसलमानाला सारखीच. बाबासाहेबांनी 1936 मध्ये आपल्या पक्षाला 'स्वतंत्र मजूर पक्ष' असे नाव दिले, त्यामागील दृष्टी ही होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत, असे त्यांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर सांगितले. आपण पहिल्या शत्रूविषयी पुष्कळ बोलतो; दुसऱ्याविषयी बोलावयाचे विसरलो आहोत.

तेव्हा बंधुभगिनींनो, माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कायद्याच्या वाचनास द्यावा. गावातून जी टोळी हंगामास निघेल, तिच्यातील प्रत्येक कोयत्याची नावनिशी, मुकादमाचे नाव, उचलीची रक्कम आणि कारखान्याचे नाव विहाराच्या वहीत निघण्यापूर्वी लिहून घ्यावे. अंगठा उमटविण्यापूर्वी कागदाची नक्कल मागावी. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. त्याला पैसा लागत नाही, फक्त वही आणि पेन लागते. पुढे एखादी भगिनी माझ्यासारख्या वकिलाच्या दारात आली, तर तिच्या हाती ती वही असेल, आणि दोन वर्षांचे काम दोन महिन्यांत होईल.

ज्या मंत्र्यापाशी बहुमत नव्हते, पक्ष नव्हता, आणि ज्याच्यावर व्हाइसरॉय व युद्ध यांचे ओझे होते, त्याने चार वर्षांत एवढे उभे केले. आपल्यापाशी मत आहे, संविधान आहे, विहार आहे. पुढच्या 14 एप्रिलला सभेत वक्ता 14 तासांची आणि 8 तासांची गोष्ट सांगू लागला, तर कोणीतरी नम्रपणे उठून म्हणावे, "दादा, 54 चे 48 केले, आणि आमच्या गावातील टोळीचे तास किती, ते या वहीत लिहिले आहेत."

जयभीम.